दस्त्यावरचा गाल

१

मानवतच्या मोंढ्यापासून गंगाखेडच्या पुलापर्यंत आपल्या तोडीचा बंदूक-कारागीर दुसरा नाही, असं योगीराज मिस्त्री छाती फुगवून सांगायचा. समोरचा मान डोलवायला लागला की स्वतःच टाचणी लावायचा, “दुसरा होता. त्यो मेला. तवापासून मी पयला.”

नाव योगीराज, पण योग्याचा एक गुण अंगात नाही. चौथीत मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली लावून शाळेतून जो बाहेर पडला, तो थेट बापाच्या दुकानात येऊन बसला. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्याच पाटावर बसून त्याचे तेच धंदे चालू होते. भिंतीवर बंदूक दुरुस्तीचा परवाना काचेत लावलेला, आणि खाली विकायला पोळपाट, लाटणी, कुऱ्हाडीचे दांडे. परवान्याच्या बंदुका उरल्या किती आणि त्यातल्या बिघडणार किती? म्हणजे वेळ भरपूर. समोरच्या चहावाल्या दत्तरावाला त्यानं एकदा गंभीर तोंडानं सांगितलं, की पाच किलोच्या वर साखर ठेवायची तर आता सरकारी परवाना लागतो. दत्तरावानं पोतं पलंगाखाली दडवलं आणि दोन दिवस बिनसाखरेचा चहा विकला. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीलाच पेढा द्यायला आला. मधुमेहाची गिऱ्हाइकं वाढली होती.

पण गावाच्या खोड्या म्हणजे नुसता सराव. खरा सामना घरात. दुकानाच्या मागं मधलं दार, दाराच्या पलीकडं एक खोली आणि स्वयंपाकघर, आणि तिथं धुरपताबाई. सबंध मुलखात मिस्त्रीला पुरून उरलेलं हे एकच माणूस, आणि तेच त्याच्या पदरात पडलेलं. चारठाण्याला तिच्या बहिणीच्या लग्नात तिनं त्याच्या नव्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या आतून शिवून टाकल्या. पाहुणे अक्षता टाकायलेत आणि मिस्त्री मांडवाच्या कडेला सदऱ्यात अडकून, पोलिसाला शरण आल्यासारखा दोन्ही हात वर करून उभा. टाके उलट्या बाजूनं तिरपे होते. बाई डावखुरी. त्याला तिथंच कळलं, आणि ती मात्र बायकांत बसून लाडू खायली होती, इकडं बघतही नव्हती.

गेल्या दोन वर्षांत तिचं सगळं हळूहळू निसटायला लागलं. आधी मीठ दोनदा पडायचं. मग गल्ली चुकली. मग मुलाचं नाव जिभेवर येईना. परभणीच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो उजेडाला धरून बरंच सांगितलं. त्यातलं “यांना आनंदात ठेवा” एवढंच मिस्त्रीला समजलं. त्यानं आपलं माप ठरवलं. रोज एक खोडी. ती हसली की धुरपता घरात हाय. नाही हसली की बाहेर कुठंतरी गेलीय, येईल.

माघात ती सहा वेळा हसली. फाल्गुनात एकदाही नाही. एस. टी. त शेजारच्या सीटवरच्या माणसाकडं बघावं तसं ती त्याच्याकडं बघायची, सभ्यपणानं, आणि थोडी सरकून जागा द्यायची.

पुण्याहून जीवन, त्यांचा मुलगा, फोनवर एकच विचारायचा. आई तुम्हाला ओळखतच नसेल तर दोघांनी तिथं राहून काय उपयोग? इकडं अशा माणसांना सांभाळायची चांगली सोय आहे. अक्षय्य तृतीयेला गाडी घेऊन येतो, तोवर बघा.

“वळखते,” मिस्त्री म्हणायचा. “हसली की वळखते.”

२

चैत्र लागला आणि राणीसावरगावहून भगवानरावांची जीप दुकानासमोर थांबली. भगवानराव म्हणजे नव्वद किलोचा दिलदार माणूस. त्यांच्या रानात डुकरांचा उच्छाद, आणि त्यांच्याकडं आजोबापासून चालत आलेला परवाना. आजोबानं कधीकाळी लिलावात एक जुनी फौजी रायफल घेतली होती. तिच्या लाकडाला वाळवी लागून नुसता भुसा उरला होता. लोखंडाचं सगळं काम रीतसर परवानगी काढून बाहेरून झालं होतं. नळी नवी, पण पोटाचं लोखंड, म्हणजे ज्यात बोल्ट मागंपुढं सरकतो ते, जुन्या फौजेचंच. त्यावर कुणीतरी ठोकलेला नंबर, आणि नंबराच्या बाजूला बोटानं घासून घासून गुळगुळीत झालेली एक जागा. आता तिला शिकारीच्या रायफलीसारखा देखणा, अंगाबरोबर बसणारा दस्ता हवा होता. दस्ता म्हणजे लाकूड, खांद्याला लावायचं आणि गालाला टेकवायचं.

मिस्त्रीनं शिंप्यासारखी मापं घेतली. हाताची लांबी, मानेची उंची, गालाच्या हाडापासून डोळ्यापर्यंतचं अंतर. गाल मोजताना भगवानरावांना सांगितलं, मालक, एवढ्या गालाला दस्ता न्हाई, पाट लागंल. भगवानराव पोट धरून हसले. मधल्या दारात धुरपताबाई बसली होती. ती हसली नाही.

काम काजळीनं चालतं. दिव्याची काजळी तिळाच्या तेलात कालवायची, ब्रशनं लोखंडाला लावायची, लोखंड लाकडात दाबायचं आणि उचलून बघायचं. जिथं काळं उमटलं तिथं लाकूड जास्त आहे. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. शेकडो वेळा. लोखंड नेमकं बसेपर्यंत लाकूड आपली चूक स्वतःच काळ्या तोंडानं सांगत राहतं. शिसवाचा दस्ता होता, जुन्या पलंगाच्या खुरातून काढलेला. भगवानराव उजव्या हाताचे, म्हणून गाल टेकवायचा उंचवटा त्यानं डाव्या अंगाला ठेवला. उजवं अंग सपाट, साधं.

चैत्राचं ऊन म्हणजे दुपारी एक ते तीन मानवत बंद. मिस्त्रीनं दुकानाचं फळीदार आतून लावलं, दस्ता शिकंज्यात आवळून ठेवला, मागल्या खोलीत धुरपताबाईच्या खाटेशेजारी चटई टाकली आणि पडला. कूलर घरघरत होता.

तीनला उठून दुकानात आला. दस्त्याच्या उजव्या अंगाला, जिथं लोखंडाचा संबंधच नाही अशा ठिकाणी, एक काळा ठसा होता. हाताचा नाही. लांबट, गोलसर, वरच्या बाजूला जरा दाट.

त्यानं हात पुसले, चष्मा पुसला, आणि बघत राहिला. कुणीतरी काजळी लावलेला गाल तिथं टेकवला होता.

३

भीती? कसली भीती. मिस्त्रीला उभ्या उभ्या नाचावंसं वाटलं.

हिशेब सरळ होता. फळीदार आतून लावलेलं. घरात माणसं दोन. एक झोपलेला, म्हणजे तो. उजव्या अंगाला गाल टेकवणार तो डावखुरा, आणि डावखुरं माणूस घरात कोण? बरं, काम बिघडवलेलं नाही, नुसती टवाळी केलेली. ही तर शिवलेल्या बाह्यांचीच पद्धत. धुरपता परत आली होती, आणि येताना खोडी घेऊन आली होती.

तो हळूच मागल्या खोलीत गेला. ती खाटेवर पडल्या पडल्या आढ्याकडं बघत होती. गाल स्वच्छ. नखं स्वच्छ. लबाड. त्यानं तोंडावर काही दिसू दिलं नाही. दोघांच्या खेळाचा तो पहिला नियमच होता, की ज्याची फजिती झाली त्यानं आपणहून बोलायचं नाही. उत्तर द्यायचं ते खोडीनंच.

चहाच्या वेळी त्यानं टोपीच्या जागी डोक्यावर चहाची गाळणी घातली आणि अगदी गंभीरपणे बशीतून चहा प्यायला लागला. धुरपताबाईनं वर बघितलं. ओठ हलले. मग खांदे. मग ती पदर तोंडाला लावून हसली, डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली, जशी चाळीस वर्षांपूर्वी हसायची.

मिस्त्रीनं बशी खाली ठेवली.

त्यानं जीवनला फोन लावला आणि सगळं सांगितलं. काजळी, ठसा, डावं-उजवं. डोकं गेलेल्या माणसाला हे सुचंल का, सांग. जीवननं विचारलं, आईनं केलं हे तिनं सांगितलं का? मिस्त्रीनं त्याला नियम समजावून सांगितला. जीवन म्हणाला, बरं, बघा. मुलगा शिकलेला होता, त्याला एवढंच बोलता येत होतं.

४

पुढचे आठ दिवस मिस्त्रीच्या आयुष्यात सोन्याचे गेले. रोज दुपारी ठसा उमटायचा. तो पुसून टाकायचा, आणि चहाला खोडी करायचा. रोज ती हसायची. एकदा त्यानं फक्त एक भुवई उचलली, तरी ती हसली. एकदा तर त्यानं अजून काहीच केलं नव्हतं, खोडीचा विचारच करत होता, आणि ती आधीच हसायला लागली. बघा, म्हणाला मनाशी, मनातलं वळखायली.

नवव्या दिवशी ठसा फारच चांगला उठला होता. काजळी आदल्या रात्रीची, मुरलेली. मिस्त्रीनं तो पुसायच्या आधी खिडकीच्या उजेडात नीट बघितला, आणि काळ्यामध्ये पांढरे ठिपके दिसले. बारीक, खोलगट, एकसारखे नाहीत. गालाच्या हाडावर दाट, खाली विरळ.

असे ठिपके त्यानं लहानपणी बघितले होते. गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या तोंडावर होते. देवीचे वण.

धुरपताबाईचा गाल म्हातारपणातही आंब्याच्या सालीसारखा. एक वण नाही.

तो पाटावर बसला आणि डोकं चालवायला लागला. डोकं चालवणं हे त्याचं रोजचं काम नव्हतं, म्हणून जरा वेळ लागला. गाल कशाला हवा? ठसा उठवायला काहीही चालतं. फडकं, स्पंज. मग त्याच्या ध्यानात आलं. भाकरी. ज्वारीच्या भाकरीच्या एका अंगाला अशीच छिद्रं असतात. बाईनं अर्धी भाकर काजळीत बुडवून दाबली असणार. काय बाई आहे, म्हणाला, काय डोकं आहे.

टोपल्यात तीन भाकरी होत्या, सकाळीही तीनच होत्या. शेजारच्या लक्ष्मीबाई रोज सकाळी करून द्यायच्या, आणि दुपारी दोघांनी भात खाल्ला होता. तरी त्यानं एक भाकर घेतली, काजळी लावली आणि एका फळकुटावर दाबली. ठिपके उठले. मोठे, विस्कटलेले. दस्त्यावरच्या ठिपक्यांशेजारी धरून बघितले, जुळेनात. काजळीची भाकर हातात घेऊन तो बराच वेळ तसाच उभा राहिला. दत्तराव फळीच्या फटीतून बघत होता. त्यानं विचारलं, आता काय बंदुकीला जेवू घालायलाव?

मिस्त्रीनं दुसरीही गोष्ट करून बघितली. काजळी स्वतःच्या गालाला लावली आणि धुतली. साबणानं, रॉकेलनं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गालावर सावली राहिली होती. धुरपताबाईचा गाल रोज तीनला स्वच्छ असायचा.

त्या दुपारी तिनं त्याच्या काळ्या गालाकडं बघितलं आणि खळखळून हसली. तो हसण्यात सामील झाला. सामील होताना लक्षात आलं, की आपण मान वळवून मागं बघायचं टाळतोय. मागं तर नुसतं दुकान होतं.

५

पंधरा दिवसांनी भगवानराव जीप घेऊन आले. रायफल जुळली होती, आता अंगावर बसवून बघायची होती. कागदपत्रं बरोबर घेऊन, धुरपताबाईजवळ लक्ष्मीबाईंना बसवून, मिस्त्री त्यांच्याबरोबर राणीसावरगावला गेला.

दस्ता बसला की नाही हे बघायची जुनी पद्धत आहे. गिऱ्हाइकानं डोळे मिटायचे, रिकामी रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. डोळ्यासमोर नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच एका रेषेत दिसली तर लाकूड त्या माणसाचं. भगवानरावांनी बांधावर उभं राहून तसं केलं. डोळे उघडले, म्हणाले, फसक्लास. मग रायफल खाली घेतली, दस्त्यावर तळहात ठेवला, आणि दुसऱ्या अंगाला फिरवला.

“मिस्त्री, हे उजवं अंग गरम कामून लागायलंय?”

उन्हात होती म्हणून, असं मिस्त्री म्हणाला. रायफल आत्ताच जीपमधून, पोत्याच्या खोळीतून निघाली होती. गरम म्हणजे कसं, हे भगवानरावांनी सांगितलं नाही. पण तळहात धोतराला पुसला.

दोन दिवस वापरून बघतो, म्हणून रायफल त्यांनी ठेवून घेतली. मिस्त्री एस. टी. नं घरी आला. उंबऱ्यात पाऊल ठेवलं तर धुरपताबाई खाटेवरून अर्धी उठली आणि डोक्यावर पदर घेतला.

“कोन पाव्हनं?” ती म्हणाली. “मिस्त्री घरी न्हाईत. बसा, येतील.”

तो बसला. त्यानं गाळणी डोक्यावर घातली. सदरा उलटा घातला. मांजराचा आवाज काढला, कुत्र्याचा काढला, दोघांचं भांडण लावलं. तिनं घाबरून लक्ष्मीबाईंना हाक मारली. तो दिवस गेला, दुसरा गेला. रायफल घरात नव्हती आणि धुरपता घरात नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं तो राणीसावरगावला गेला आणि लाकूड फिरलंय, दुरुस्त करावं लागेल असं सांगून रायफल परत मागितली. लाकूड फिरलं नव्हतं. आयुष्यात हजार थापा मारल्या, पण ही मारताना त्यानं भगवानरावांच्या तोंडाकडं बघितलं नाही. भगवानरावांनी स्वतः जीपनं आणून सोडलं आणि बजावलं, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी दहाला येणार, मग ब्रह्मदेव आला तरी थांबणार नाही. रानात ऊस डुकरं खायलीत.

मिस्त्री मधल्या दारातून आत गेला. धुरपताबाईनं वर बघितलं आणि हसली.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक काम केलं, जे कुठल्या गिऱ्हाइकानं सांगितलं नव्हतं. उजव्या अंगाला, जिथं रोज ठसा पडायचा तिथं, पटाशीनं हलकेच लाकूड काढलं आणि गालाला आरामात बसेल एवढी खोलगट जागा केली. कुणासाठी, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. पाहुणा रोज येतो आणि फळीवर बसतो, तर त्याला बूड टेकायला जागा द्यावी, एवढंच.

६

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मिस्त्रीनं ठरवलं, आज काय ते बघायचं. सकाळी काम, दुपारी दार बंद. धुरपताबाई खाटेवर पडली. त्यानं तिच्या पदराचं टोक आपल्या मनगटाला बांधलं, दोन गाठी मारून, आणि तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. तिनं घेऊ दिला. थोड्या वेळानं बोटं सैल झाली आणि ती घोरायला लागली. बारीक, नाकातल्या नाकात.

तो झोपला नाही. डोळे मिटले, पण झोपला नाही. वीज गेली आणि कूलर थांबला. घर असं शांत झालं की टोपल्यावरच्या माशीचा आवाज यावा.

मधल्या दाराच्या पलीकडून लाकडाचा आवाज आला. शिकंज्यात आवळलेल्या लाकडावर कुणी वजन टाकलं की येतो तेवढाच.

मग बोल्ट सरकला. तेल दिलेला, हळू, मागं आणि पुढं. रायफल रिकामी होती. काडतुसं भगवानरावांकडं, सगळी मोजून. हे मिस्त्रीला पक्कं माहीत होतं, आणि तरी त्यानं धुरपताच्या हातावर दुसरा हात ठेवला.

मग श्वास. नेम धरणारा माणूस घेतो तसा, लांब, नाकातून आत घेतलेला. आणि धरून ठेवलेला.

मिस्त्रीचाही श्वास थांबला. त्यानं मोजलं नाही, पण कुठलाही माणूस धरील त्याच्यापेक्षा तो जास्त वेळ धरलेला होता. धुरपताबाईचं घोरणं तेवढं चालू. मधल्या दाराचा पडदा उन्हानं उजळलेला, हलत नव्हता. उठावं, तीन पावलं टाकावीत, पडदा बाजूला करावा. गाठी सोडायला किती वेळ लागतो? त्यानं गाठीला हात लावला, आणि बोटं तिथंच राहिली.

मग पलीकडं श्वास सुटला. हळूच. समोर आलेलं जनावर पाडायचं नाही असं ठरवल्यावर शिकारी सोडतो तसा. त्यात राग नव्हता. असलीच तर थोडी माया होती, आणि मिस्त्रीला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

पदर मनगटालाच होता. गाठी दोन. धुरपताबाई हललेली नव्हती.

वीज आल्यावर तो दुकानात गेला. फळीदार आतून लावलेलं. दस्त्याच्या उजव्या अंगाला, त्यानं कोरलेल्या खोलगट जागेत, अख्खा गाल उमटला होता. वण होते. वणांच्या खाली ओठाचा एक कोपरा होता, आणि कोपऱ्यावर मिशीच्या केसांच्या बारीक रेघा. ओठाचा कोपरा वर गेलेला होता.

मिस्त्रीनं फडकं उचललं, आणि या खेपेला पुसलं नाही. ते ठशावर झाकून ठेवलं, झोपलेल्याच्या तोंडावर पदर घालावा तसं.

७

अक्षय्य तृतीयेचा दिवस. सकाळी साडेनवाला जीवनचा फोन आला, की जवळ आलोय, अर्ध्या तासात पोहोचतो. दहाला भगवानराव येणार. रायफल जाणार हे नक्की. धुरपतानं मानवतमध्ये राहायचं का पुण्याला अनोळखी माणसांत जायचं, हे उरलेल्या अर्ध्या तासात ठरायचं होतं.

ठसे तिनं केले असतील, तर रायफल गेली तरी ती राहील. हसेल. जीवनसमोर हसेल, आणि जीवन गाडी रिकामी घेऊन जाईल. मिस्त्रीला पदराच्या गाठी आठवत होत्या, मिशीच्या रेघा आठवत होत्या. तरी त्याला वाटत होतं की यावर एक उपाय आहे. ती एकदा “हो” म्हणाली तर सगळं पुन्हा जागच्या जागी बसेल. गाठी तिनं सोडून परत बांधल्या असतील. मिशी तिनं ब्रशच्या केसांची काढली असेल. तिला काय अशक्य होतं?

धुरपताबाई खाटेच्या कडेला बसली होती. लक्ष्मीबाईंनी न्हाऊ घातलं होतं, केस ओले, आणि अंगावर नवं लुगडं. चेहरा निवळलेला होता, पुष्कळ दिवसांत एवढा निवळलेला नव्हता. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. चोपन्न वर्षांच्या खेळातला पहिला नियम त्यानं मोडला.

“धुरपे,” तो म्हणाला, “हरलो मी. एकडाव कबूल कर. काजळीचं तूच करायलीस न्हवं? खोटं असलं तरी हो म्हन.”

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. भगवानराव वेळेचे पक्के. दत्तराव त्यांना चहा घेऊनच जा म्हणत होता.

तिनं त्याच्याकडं बघितलं. बसमधल्या माणसाकडं बघतात तसं नाही. नवऱ्याकडं बघतात तसं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि त्यात काही चांगलं सापडत नाही तसं. तिनं हात पुढं केला आणि त्याच्या सदऱ्याची वर-खाली लागलेली बटणं काढून नीट लावली, एक एक करून, डाव्या हातानं. मिस्त्रीचे डोळे भरून आले. आली, त्याला वाटलं. आली माझी धुरपता.

शेवटचं बटण लावून तिची नजर वर आली, त्याच्या तोंडाशी थांबली नाही, कानाच्या बाजूनं थोडी मागं गेली, आणि तिला हसू यायला लागलं. ते तिनं आवरलं.

“मी कामून करू?” ती म्हणाली. “तुमच्या पाठीमागं उभा ऱ्हाऊन त्यो तुमच्या नकला करायलाय, त्याला हसायलेय मी. तुमच्या गमतीला हसायचं तर मी कवाच सोडलं, मिस्त्री.”